टेम्प्लेटच्या चुकांचे संदेश: वाचायचे कसे, सोपे करायचे कसे

समजा तंजावूर, कुंभकोणम, मयिलाडुतुरै अशी स्थानकांची नावे तुम्ही सी प्लस प्लसच्या 'लिस्ट'मध्ये ठेवली आणि क्रम लावण्यासाठी 'अल्गोरिदम' हेडरमधले 'सॉर्ट' वापरले. चूक एका ओळीची, पण जीसीसी कंपाइलर पडदाभर मजकूर ओततो. आमच्या तंजावूरच्या लॅबमध्ये अशा वेळी बरीच मुले तो न वाचताच कुठे 'कॉन्स्ट' काढ, कुठे तारका घाल असे सुरू करतात आणि प्रॅक्टिकल परीक्षेचा वेळ तिथेच संपतो.

हा मजकूर इतका लांब का होतो? टेम्प्लेट म्हणजे साचा. त्यात कोणता टाइप येणार हे साचा लिहिताना ठरलेले नसते, म्हणून खरी तपासणी टाइप भरल्यावर होते. 'सॉर्ट' आतमध्ये शेवटच्या इटरेटरमधून पहिला वजा करते. व्हेक्टरच्या इटरेटरला ही वजाबाकी येते. लिस्टचे घटक साखळीने जोडलेले असल्यामुळे तिच्या इटरेटरला ती दिलेलीच नाही. त्यामुळे चूक तुमची असली तरी तक्रार उठते लायब्ररीच्या फाइलमध्ये: वजाबाकीचा ऑपरेटर जुळत नाही. मग कंपाइलर ठाऊक असलेली एकेक वजाबाकी पुढे करून ती का बसत नाही हे 'नोट' म्हणून सांगतो. पडदा भरतो तो मुख्यतः या नोटांनी.

म्हणून वाचताना अगदी वर जा आणि पहिला 'एरर' शोधा. त्याच्या जरा वर 'रिक्वायर्ड फ्रॉम हिअर' अशी ओळ असते. तिथे तुमच्या फाइलचे नाव आणि ओळीचा क्रमांक मिळतो. नोटा तूर्त सोडून द्या. इथली दुरुस्ती सोपी आहे: लिस्टचे स्वतःचे 'सॉर्ट' मेंबर फंक्शन वापरा.

आता टेम्प्लेट तुम्ही लिहीत असाल तर? सी प्लस प्लस ११ पासून 'स्टॅटिक असर्ट' आहे. फंक्शनच्या सुरुवातीलाच अट तपासा आणि संदेश स्वतःच्या शब्दांत द्या. मात्र त्यानंतरही कंपाइलर फंक्शनच्या आत शिरतो आणि जुन्या तक्रारी मागोमाग येऊ शकतात.

माझ्या मते खरा उपाय 'कन्सेप्ट' हाच. ही सोय आधी २००९ मध्ये मसुद्यातून वगळली गेली आणि निराळ्या, सोप्या रूपात सी प्लस प्लस २० मध्ये आली. यात अट फंक्शनच्या दारावरच लिहिलेली असते. ती पुरी झाली नाही तर आतला कोड उघडलाच जात नाही. 'रेंजेस'मधल्या 'सॉर्ट'ला तीच लिस्ट द्या: रँडम ॲक्सेसची अट पुरी होत नाही, असे तुमच्याच ओळीवर कळते. अटीत अट गुंतली की हेही संदेश लांबतात, पण निदान बोट योग्य जागी असते.

करून पाहा: 'स्थानक' नावाचे स्ट्रक्चर लिहा, त्याला 'लहान आहे का' हा ऑपरेटर देऊ नका. त्याचा व्हेक्टर दोन्ही 'सॉर्ट'ना द्या आणि तुमचा ओळ क्रमांक कोणत्या संदेशात लवकर सापडतो ते वहीत लिहा.