मुंब्र्यातले चार महिने

दापोलीकडचा पाऊस वर्षाला 3,000 मिलिमीटरच्या वर. कौलारू घरात एकट्या बाईने तो काढावा, हे कुणालाच पटेना. म्हणून सासरे वारल्यापासून सासूबाई घर शाकारून, कुलूप लावून जूनला मुंब्र्याला येतात आणि भातकापणीला परततात.

पहिल्या वर्षी त्यांनी बॅग रिकामी केलीच नाही. कपडे त्यातूनच काढायच्या, त्यातच ठेवायच्या. एकदा विचारलं, "मी इथे मुसाफिर का मुकीम, सांग बाय." आम्ही कोकणी, शाफई. आल्या-गेल्याचे दिवस सोडून चार दिवस राहायची नियत असली, की कसर नाही, नमाज पूर्ण. हे त्यांनाही ठाऊक होतं. चारही रकात पढायच्या. प्रश्न नमाजचा नव्हता, हे मला उशिरा कळलं.

आम्ही त्यांना आराम दिला होता, काम दिलं नव्हतं. दुसऱ्या वर्षी तांदळाच्या भाकऱ्या त्यांच्याकडे सोपवल्या (खरं तर माझी शाळा सकाळची, म्हणून). तिसऱ्या वर्षी शेजारच्या दोन मुली त्यांच्याकडे नूरानी कायदा शिकायला येऊ लागल्या.

यंदा निघताना बॅग हलकी लागली. मुसल्ला कपाटातच होता. "गावी दुसरा आहे," म्हणाल्या, आणि मुली कुठल्या पानावर आहेत ते मला दाखवलं.