डोंगरावरची सोनेरी रेघ

उन्हाळा तोंडावर आला, की वाकडच्या आमच्या गच्चीवरून रात्री पश्चिमेच्या एखाद्या डोंगरावर सोनेरी रेघ सरकताना दिसते. तो वणवा. तरुणपणी एका कवितेत मी तिला डोंगराच्या गळ्यातली साखळी म्हटलं होतं. दादही मिळाली. ती कविता आता मी वाचत नाही. आमच्या अम्मीला दमा आहे आणि अशा रात्रीनंतरची पहाट तिला फार जड जाते.

पहाटच का? दिवसा जमीन तापते, हवा वर चढते, धूर उंच जाऊन विखुरतो. रात्री आकाश निरभ्र असलं, की जमीन लवकर निवते. खालची हवा थंड, वरची उबदार, अशी उलटी घडी बसते. धुराला वरची वाट बंद होते आणि तो नदीकाठच्या सखल वस्तीत साचतो. अर्थात वाकडच्या हवेत वाहनांचा धूर, बांधकामांची धूळ आणि पेटवलेला कचराही असतो. सगळं पाप डोंगराच्या माथी मारणार नाही.

ज्वाळेपेक्षा धुमसणं वाईट. ओलसर पाला अर्धवट जळतो, तेव्हा धूर अधिक निघतो. त्यातले अडीच मायक्रॉनहून बारीक कण, म्हणजे केसाच्या जाडीचा साधारण पंचविसावा हिस्सा, नाकाला न जुमानता फुप्फुसांच्या तळाशी पोचतात. आपल्या २००९च्या मानकानुसार त्यांची चोवीस तासांची सरासरी घनमीटरला ६० मायक्रोग्रॅमच्या आत हवी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये १५ सुचवली. हे कण वाऱ्यावर शेकडो किलोमीटर जातात. १९९७ आणि २०१५ मध्ये इंडोनेशियातली जंगलं आणि दलदली जळल्या. श्वास कोंडला तो सिंगापूर-मलेशियाचाही.

भीमाशंकरसारखं सदाहरित रान आपणहून क्वचितच पेटतं, कारण खाली ओल असते. आग येते ती कडेच्या वाळल्या गवतातून. ते बहुधा माणूसच पेटवतो : नवा चारा जोमाने फुटेल या समजुतीने, राब भाजताना दुर्लक्ष झाल्याने, नाहीतर विडीच्या थोटकाने. एकदा काठ जळाला, की ऊन आत शिरतं, तिथे गवत माजतं आणि पुढच्या आगीला आत जायला वाट होते. म्हणून वनविभाग उन्हाळ्याआधी जाळरेषा काढतो, गवत नसलेली मोकळी पट्टी. पण रेघ पहिल्यांदा दिसते ती आपल्यालाच. वनविभागाचा १९२६ हा क्रमांक मी गच्चीच्या दारावर खडूने लिहून ठेवला आहे.