थंड इंजिनाची वाट

सकाळचे सहा वाजलेत. कुरखेड्यातलं वडसा रोडवरचं गॅरेज अजून उघडायचं आहे. पत्र्याच्या शेडपुढे मोहाचं झाड, झाडाखाली पांढरी बोलेरो. 2013 चं मॉडेल, एमएच-31, म्हणजे नागपूरची नोंद. कोरचीकडच्या गावातून बापलेक गाडी बघायला आलेत. तेंदूचा हंगाम आटोपत आलाय. लेक गाडीभोवती दोनदा फिरून आला. बाप शेल्याचं टोक मुठीत धरून नुसता उभा आहे.

मिस्त्री येतो. काही न बोलता बोनेटवर उलटा हात ठेवतो.

"गाडी गरम हाये."

"आताच तर धुऊन आणली," विकणारा म्हणतो.

"मंग थंडी होऊ द्या, भाऊ." मिस्त्री स्टूल ओढून बसतो.

त्याचं बरोबर आहे. गरम इंजिन पहिल्या सेल्फला उठतं. रात्रभरात टर्बोच्या सीलमधून झिरपलेलं ऑइल असलंच, तर ते विकणाऱ्याच्या घरीच जळून गेलेलं असतं. आमच्याकडेही एकदा अशीच गरम गाडी आली होती. पुढे एका रात्री पेशंट घेऊन जाताना तिने चढावर दम सोडला. त्या रात्रीपासून मीही आधी बोनेटला हात लावतो.

आठ वाजतात. हवा भरायला मोटरसायकलींची रांग लागली आहे. चहा येतो. उन्हाची तिरीप झाडाखाली शिरते आणि सगळे एकेक पाऊल मागे सरकतात. सती नदीच्या पात्राकडून येणारा वारा आत्ताच कोरडा लागतोय. दुपारी पारा 44 च्या घरात जाईल.

तोवर कागद निघतात. विमा आहे, पीयूसी आहे. पंधरा वर्षं 2028 ला भरतील, तेव्हा पुन्हा पासिंग. पण आरसीवर बँकेचा बोजा अजून तसाच आहे. तो उतरवायला बँकेची एनओसी आणि 35 नंबरचा फॉर्म लागतो; गाडी नावावर होण्याचे 29 आणि 30 वेगळे. मीटर 92 हजार दाखवतो. क्लचच्या पायदानाचं रबर मात्र झिजून गुळगुळीत झालंय.

दहाला मिस्त्री पुन्हा हात ठेवतो. मान हलवतो. स्क्रू-ड्रायव्हरने क्लॅम्प सैल करून टर्बोच्या तोंडचा हवेचा पाइप काढतो. आत छोटासा पंखा चकाकतोय. दोन बोटांत मधला नट धरून तो आधी आजूबाजूला हलवतो. किंचित हलतो. तेवढं चालतं. मग आतबाहेर ओढून बघतो. जराही सरकत नाही. पात्यांच्या कडा शाबूत आहेत, कुठे घासल्याची खूण नाही. बोट बाहेर येतं ते काळसर, ओशट. पाइपात ऑइलचं थारोळं नाही, नुसता पुसट थर आहे.

दांडा एकच, त्याच्या दोन टोकांना दोन पंखे. एकाला इंजिनचा धूर फिरवतो, दुसरा हवा दाबून इंजिनात भरतो. मिनिटाला लाखावर फेरे. धुराची बाजू सातशे अंशांच्या आसपास तापते. अन् हा सगळा खेळ ऑइलच्या पातळ थरावर तरंगत चालतो. म्हणून मिस्त्री गेज तीनदा पुसून बघतो. ऑइल खुणेच्या थोडं खाली आहे.

पाइप परत बसतो. सेल्फ. दुसऱ्या सेल्फला इंजिन उठतं. पांढरा धूर भुसकन येतो आणि विरतो. निळा नाही. मिस्त्री ऑइलचं झाकण काढून तोंडावर उलटं ठेवतो. झाकण थरथरतं, आतल्या दाबाने उडत नाही. "बॅक मारत नाई."

मग पुराड्यापुढचा बेडगाव घाट. खिडक्या खाली, रेडिओ बंद, माझ्यासकट पाचही जण गाडीत. वजन असलं तरच टर्बोला काम पडतं. दोन्ही बाजूंनी सागाची पानगळ झालेली झाडं. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये लेक रेस देतो. बारीक शिट्टी येते, ती यायलाच हवी. पण तिच्यामागे फुस्स आवाज आहे. गाडी जड होते. आरशात काळा धूर दिसतो. लेकाचा चेहरा पडतो.

"टर्बो गेला?"

"थांब, बापू."

वळणावर गाडी उभी राहते. लेकाचा हात चावीकडे जातो, मिस्त्री मनगट धरतो. "एक मिनिट चालू राहू दे. चढावरून आल्या-आल्या बंद केली का टर्बोतलं ऑइल तिथंच करपते." मिनिट संपतं. बोनेट उघडतं. इंटरकूलरकडे जाणाऱ्या रबरी पाइपावर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली. पट्टीखाली बोटभर चीर. दाबलेली हवा तिथून निसटते, डिझेल पूर्ण जळत नाही, म्हणून धूर काळा.

"पाइप बदलावा लागन. टर्बो चांगला हाये."

विकणारा लगेच किमतीवर येतो. पाच हजार कमी करतो. लेक बापाकडे बघतो. बाप शेल्याने मान पुसतो आणि सकाळपासून पहिल्यांदा बोलतो.

"बँकेचा कागद कवा भेटन?"