खोडकर टेडीची करामत

टेबलावर सोंगट्यांच्या दोन सारख्या रांगा. चार वर्षांचं मूल म्हणतं, "सारख्याच आहेत." मोठ्या माणसाने त्यातली एक पसरून लांब केली, की तेच मूल ठामपणे सांगतं, "हिच्यात जास्त!" जिनिव्हाचे मानसशास्त्रज्ञ जीन पियाजे यांनी १९४१च्या पुस्तकात हे मांडलं. साधारण सातव्या वर्षापर्यंत मूल दिसण्याला भुलतं, असं त्यांचं म्हणणं.

पण चूक नेमकी कुणाची?

१९७४ मध्ये मानसशास्त्रज्ञ मार्गारेट डोनाल्डसन आणि जेम्स मॅकगॅरिगल यांनी रांग विस्कटायचं काम एका खोडकर टेडीकडे दिलं, आणि कितीतरी जास्त मुलं बरोबर बोलली! या दोघांच्या मते, मोठ्यांनी मुद्दाम काही हलवून तोच प्रश्न पुन्हा विचारला, की मुलाला वाटतं, उत्तरही बदलायला हवं असेल. टेडीने नुसता गोंधळ घातलेला असतो.