जुन्यातून नवं, लेखांक ६ : तुळई उतरते, टेबल होतं

पुण्याच्या पेठांत एखादा वाडा पाडायचा ठरला की पाडकामाचे पैसे पुष्कळदा मालक देत नाही, ठेकेदारच मालकाला देतो. हा उलटा व्यवहार कळायला माजघरात उभं राहून वर पाहावं. भिंती मातीच्या, चुना भुसभुशीत झालेला, पण डोक्यावरचा कडीपाट सागवानी. तुळया, कड्या, खांब, जिन्याच्या फळ्या, दारांच्या चौकटी, फडताळांच्या झडपा, गजांच्या खिडक्या हे सगळं ठेकेदार नजरेनंच घनफुटात मोजतो. माती भरावाला जाते, लोखंड भंगारात जातं. त्याची खरी कमाई लाकडात असते.

जुन्या लुगड्यांच्या गोधड्या दिवाणखान्यातल्या सोफ्यावर कशा येऊन बसल्या, हे गेल्या आठवड्यात पाहिलं. जुन्या सागाचा प्रवास त्याहून लांबचा आहे, आणि त्यात थोडं राजकारणही आहे.

मुंबईच्या गोदीतली जहाजं मलबारच्या सागाची होती. त्यातलं १८१७ साली बांधलेलं ‘ट्रिंकोमाली’ इंग्लंडमधल्या हार्टलपूलला आजही पाण्यावर आहे. मलबारचं जंगल पुरेनासं झालं तशी इंग्रजांची नजर ब्रह्मदेशाकडे वळली. १८६३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनचा तिथला मुख्य धंदा सागाचाच. नेलेल्या ओंडक्यांचे पैसे कंपनीने बुडवले, असं म्हणत थिबा राजाच्या दरबारानं तिला जबर दंड ठोठावला. इंग्रजांना युद्धाला निमित्त हवंच होतं. १८८५ साली राज्य गेलं आणि राजा पुढच्या वर्षी रत्नागिरीला येऊन पडला. १९१६ मध्ये तो तिथेच वारला. रत्नागिरीचा थिबा राजवाडा पाहणाऱ्या सहलींना राजाची गोष्ट सांगतात. तिच्यातला साग मात्र सहसा राहून जातो.

ब्रह्मदेशातली तोडीची रीत सांगण्यासारखी आहे. ओला साग पाण्यावर तरंगत नाही. म्हणून झाड उभं असतानाच बुंध्याभोवती खोल खाच पाडून त्याचा रस तोडत. दोन-तीन वर्षं झाड जागच्या जागी वाळलं की कुऱ्हाड चालवायची. मग हत्तींनी ओंडके ओढ्यापर्यंत न्यायचे, पावसाळ्यात लोंढा आला की ते नदीत उतरायचे आणि तराफे होऊन इरावतीतून रंगूनला पोचायचे. तोडल्यापासून गिरणीत जाईपर्यंत आणखी काही वर्षं सहज जात. झाडाचं वय शंभराच्या आसपास, त्यावर वाळवणीची वर्षं आणि मग कुणाच्या तरी छताखाली आणखी शंभर वर्षं. अशा लाकडाला आता नव्यानं आकसायला किंवा पिळायला फारसं कारण उरत नाही. सुतार जुन्या मालावर जीव टाकतात ते यासाठी.

आज लागवडीतला साग पुष्कळदा वीस-पंचवीस वर्षांतच तोडतात. त्यात बाहेरचं पांढरट लाकूड जास्त आणि आतला तपकिरी गाभा कमी असतो. वाळवीला नको असलेलं टेक्टोक्विनोनसारखं द्रव्य साठतं ते गाभ्यात. जंगली सागाची आवक मुळातच आटली आहे. म्यानमारनं १ एप्रिल २०१४ पासून अख्ख्या ओंडक्यांची निर्यात बंद केली. त्यामुळे शंभर वर्षं मुरलेला ब्रह्मी साग हवा असेल तर तो जंगलापेक्षा भवानी पेठेतल्या वखारीत मिळण्याची शक्यता जास्त.

वखारीत पहिलं काम असतं खिळे काढण्याचं, आणि ते दिसतं त्यापेक्षा किचकट आहे. तुळई दोन घोडींवर आडवी ठेवतात. एक कारागीर तारेच्या ब्रशनं काजळी, चुना आणि तैलरंग खरवडत पुढे सरकतो. कुठे कंदिलाचा आकडा, कुठे पाळण्याची कडी, कुठे नुसतंच मोडून आत राहिलेलं टोक. लोखंड जिथे मुरलेलं असतं तिथे लाकडावर काळं वर्तुळ उठतं. लाकडातल्या टॅनिनची लोखंडाशी गाठ पडली की हा डाग पडायचाच. डोक्याचा खिळा पहारीला येतो, बिनडोक्याचा कोरूनच काढावा लागतो. एखादा चुकला तर पट्ट्याच्या करवतीचे दात जातात, म्हणून काही वखारींत धातू ओळखणारं यंत्र फिरवतात. एरवीही साग पात्यांना नरम नसतो, कारण त्याच्या अंगात सिलिका असते. मग रंधा फिरतो. दोन हातांनंतर काळपट सालीखालून मधासारखा रंग वर येतो आणि चामड्यासारखा वास सुटतो. गिऱ्हाईक समोर असेल तर वखारवाला हा कार्यक्रम मुद्दाम त्याच्या डोळ्यांदेखत करतो. भाव नंतर सांगतो.

या लाकडाला नवी प्रतिष्ठा मिळाली ती मात्र थोडी बाहेरून. नेदरलँड्समधला डिझायनर पिट हाइन एक यानं १९९० साली आइंडहोव्हनच्या डिझाइन अकादमीतून बाहेर पडताना टाकाऊ फळ्यांचं कपाट केलं होतं. फळ्यांवरचे उडालेले रंग त्यानं तसेच ठेवले आणि सुतारकाम मात्र काटेकोर केलं. भंगारातलं लाकूड लपवायची गरज नाही, हे त्या कपाटानं अनेकांना पटवलं. आता मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमध्ये कड्यांची बाकं, तुळईच्या लांब फळीचं जेवणाचं टेबल, केळफुलाच्या नक्षीच्या तुकड्यांचे दिवे दिसतात. नक्षीदार दार आडवं टाकून वर काच बसवलेलं टेबल तर इतकं बोकाळलंय की त्याचा आता कंटाळा यावा. दाराच्या कड्या-कोयंड्यांत धूळ साठते, काचेखाली ती पुसता येत नाही आणि पाय घालायला जागा नसते. दार दार म्हणूनच वापरावं. चौकटीसह नेलं तर दोन खोल्यांमधला आडोसा होतो, पलंगाची डोक्याकडची बाजू होते. वस्तूचा मूळ आकार जितका कमी कापावा तितकं लाकूड वाचतं, मजुरी वाचते आणि दिसतंही बरं.

पुण्यातच याचं टोकाचं उदाहरण आहे. कोथरूडच्या मस्तानी महालाचे भाग सोडवून राजा दिनकर केळकर संग्रहालयात पुन्हा जुळवले आहेत. हे भाग असे हलवता आले ते लाकडी सांधे मुळात सुटे होतील असेच केलेले होते म्हणून. एका लाकडाचं टोक दुसऱ्याच्या खाचेत, मध्ये लाकडाचीच खुंटी, गोंदाचं काम नाही. आजचं पार्टिकल बोर्डाचं कपाट घर बदलताना एकदा सोडवलं की दुसऱ्यांदा त्याचे स्क्रू धरत नाहीत, आणि कोकणातल्या दोन पावसाळ्यांत त्याच्या कडा फुगतात.

जुन्याला मागणी आली की बनावट जुनं तयार होणारच. जोधपूरहून जाणाऱ्या आणि जोगेश्वरीच्या ओशिवरा बाजारात मांडलेल्या फर्निचरमध्ये खरं जुनं असतं, जुन्या लाकडाचं नवं असतं, आणि आंब्याच्या ताज्या फळ्यांना साखळीनं बदडून, तारेच्या ब्रशनं ओरखडून म्हातारं केलेलंही असतं. आंब्याचं लाकूड वाईट नसतं, फक्त त्याला ‘व्हिंटेज’ म्हणून सागाचा भाव देऊ नये. पारख करायला फार विद्वत्ता लागत नाही. खण पूर्ण बाहेर काढून उलटा करावा. जुन्या कामात खालची बाजू बिनपॉलिशची आणि हातानं रंधलेली असते. झीज हात-पाय लागतात तिथेच आहे का, की सगळीकडे सारखी, ते पाहावं. अधिक चिन्हाच्या खाचेचा स्क्रू बाजारात आला १९३० च्या दशकात. ‘आजोबांच्या आजोबांच्या’ कपाटात तो दिसला तर एक तर दुरुस्ती झाली आहे, नाहीतर आजोबा नवे आहेत.

दोन सावधगिरीच्या गोष्टी दुकानदार सहसा सांगत नाहीत. जुन्या तैलरंगात शिसं असू शकतं. घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा भारतात आली ती २०१६ च्या नियमांनी. त्यामुळे निळ्या-हिरव्या पोपड्यांचं दार घरात कोरडं घासू नये, आणि लहान मूल असेल तर अजिबात नाही. घासायचं तर ओलं, बाहेर, मास्क लावून. दुसरी गोष्ट कायद्याची. १९७२ च्या पुरावशेष कायद्याच्या व्याख्येत शंभर वर्षांहून जुन्या, इमारतीतून सुट्या केलेल्या वस्तूही येतात, आणि पुरावशेष देशाबाहेर न्यायला खासगी माणसाला बंदी आहे. न्यू जर्सीच्या घरात वाड्याचा दरवाजा लावायचं स्वप्न पाहणाऱ्यांनी तो पेटीत भरण्याआधी पुरातत्त्व खात्याकडून तो पुरावशेष नसल्याचा दाखला मिळतो का ते पाहावं.

आणि जे लाकूड कुणीच घेत नाही, त्याचं काय होतं? मुंबईत त्यातलं पुष्कळसं बेकऱ्यांच्या भट्ट्यांत जात आलं आहे. पावाच्या भट्टीला भंगार लाकूड स्वस्त पडतं. त्यावरचा रंग आणि पॉलिश धुरात जातात. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं लाकूड-कोळशाच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. वाळलेल्या सागाचा एक घनफूट सुमारे १८ किलो भरतो आणि त्यातला साधारण निम्मा कार्बन असतो. जाळला तर तीसएक किलो कार्बन डायऑक्साइड एका दुपारी मोकळा होतो. त्याच घनफुटाचं बाक केलं तर तो पुढच्या दोन पिढ्या तरी बसायच्या उपयोगी पडतो. ‘पर्यावरणपूरक’ या शिक्क्यामागे एवढा साधा हिशेब असेल तर तो शिक्का खरा. पण शंभर वर्षं टिकलेला धडधाकट वाडा केवळ त्याच्या खांबांना चांगला भाव आला म्हणून उतरवला, तर त्याच्या तुळईचं टेबल कितीही देखणं असलं तरी हा हिशेब जमत नाही.

ज्यांचा वाडा किंवा जुनी चाळ पुनर्विकासात जाणारच आहे, त्यांनी ठेकेदाराशी करार होण्याआधी घरातून एक फेरी मारावी. देवघराची चौकट, झोपाळ्याची फळी आणि तिच्या पितळी कड्या, ओटीवरचा एखादा खांब असं जे ठेवायचं, त्यावर तैलरंगानं आकडे घालावेत, फोटो काढावेत आणि तीच यादी कराराला जोडावी. तोंडी ठरलेला खांब ट्रकमध्ये चढला की तो कुठल्या वखारीत उतरला हे शोधणं कठीण. नव्या फ्लॅटमध्ये झोपाळा टांगायचा असेल तर स्लॅब पडतानाच बांधकाम अभियंत्याकडून आकडा बसवून घ्यावा; नंतर ड्रिल मारून बसवलेल्या आकड्यावर चार माणसांचा झोका सोडू नये.

पुढच्या लेखांकात पायाखाली पाहायचं आहे: १९२२ मध्ये स्वदेशीच्या वाऱ्यात मुंबईत सुरू झालेल्या भारत टाइल्सच्या नक्षीदार सिमेंटच्या लाद्या, आणि त्या न फुटता उखडायच्या कशा.