पिशवीवरचं हिरवं पान
(सामुदायिक रेडिओवर महिलांसाठी झालेलं भाषण)

दुपारची आवराआवर झाली असेल, तर हातातलं निवडण-टिपण घेऊन बसा आणि ऐका. आज बाजारहाटाबद्दल बोलायचं आहे.

आधी आमचीच फजिती सांगते. गेल्या दिवाळीत आमच्या बचत गटाने चकली, शेव, चिवडा असा फराळ विकायला केला. माल भरायला पिशव्या हव्या होत्या. दुकानदाराने दोन प्रकार दाखवले. एक नेहमीची पिशवी आणि दुसरी तिच्या दुप्पट किमतीची. दुसरीवर हिरवं पान छापलेलं आणि खाली लिहिलेलं, 'पर्यावरणपूरक'. "मातीत टाकली की विरघळून जाते," असं तो म्हणाला. गटात चर्चा झाली. नफ्यातले चार पैसे गेले तरी चालतील, पण गावाच्या कचऱ्यात भर नको, असं सगळ्यांचं मत पडलं. आम्ही महाग पिशव्या घेतल्या आणि आमच्या स्टिकरवरही 'पर्यावरणपूरक पॅकिंग' असं छापून घेतलं.

चिवडा घ्यायला आलेल्या एका शिक्षिकाबाईंनी विचारलं, "पर्यावरणपूरक म्हणजे नक्की काय हो? रिकाम्या पिशवीचं काय करायचं?" आम्ही एकमेकींकडे पाहिलं आणि सांगून टाकलं, "मातीत पुरा." घरी आल्यावर मीही दोन पिशव्या शेणखताच्या खड्ड्यात टाकल्या. पावसाळा सरला, खड्डा उपसला. खत छान मुरलं होतं आणि पिशव्या जशाच्या तशा होत्या. पानाचं चित्रसुद्धा पुसलं नव्हतं.

मैत्रिणींनो, पैसे गेले त्याचं वाईट वाटलंच. पण जास्त लागलं ते हे, की आम्ही त्या बाईंना खोटं सांगितलं होतं. स्वतः फसलो आणि पुढे दुसऱ्यालाही फसवलं. म्हणून मग या विषयाची माहिती गोळा केली. तीच आज तुमच्यापुढे ठेवते.

पहिली गोष्ट म्हणजे हिरवा रंग हा पुरावा नव्हे. पान, झाड, पृथ्वीचा गोळा, पाण्याचा थेंब अशी चित्रं कोणीही छापू शकतो. चिन्हांमध्येही आपला गोंधळ होतो. खाद्यपदार्थाच्या पुड्यावर चौकोनात हिरवा ठिपका असतो, त्याचा अर्थ पदार्थ शाकाहारी आहे एवढाच. त्याचा पर्यावरणाशी संबंध नाही. प्लास्टिकच्या डब्याखाली तीन बाणांचा त्रिकोण आणि आत १ ते ७ मधला एक आकडा असतो. तो प्लास्टिकचा प्रकार सांगतो. १ म्हणजे पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक, ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, असं. डबा जुन्या प्लास्टिकपासून बनवला आहे किंवा आपल्या गावात त्याचा पुनर्वापर होतोच, असं काही ते चिन्ह सांगत नाही.

मग भरवसा कशावर ठेवायचा? आपल्या सरकारने १९९१ साली 'इकोमार्क' नावाची योजना सुरू केली. तिचं चिन्ह आहे मातीचं मडकं. मडकं मातीतून घडतं, त्याला फारशी ऊर्जा लागत नाही आणि फुटलं तरी मातीतच मिसळतं. म्हणून ते निवडलं. वस्तू गुणवत्तेच्या आणि पर्यावरणाच्या अशा दोन्ही कसोट्यांना उतरली, तरच हे चिन्ह मिळतं. २०२४ मध्ये या योजनेचे नवे नियमही आले. मात्र ते घ्यायचं की नाही हे उत्पादकाच्या इच्छेवर आहे, त्यामुळे दुकानात मडकं क्वचितच दिसतं. दिसलं तर त्याला किंमत द्या. सेंद्रिय धान्य-डाळी घेताना 'जैविक भारत' हे चिन्ह बघा. आणि विजेच्या उपकरणांवर ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची तारांकित पट्टी असते.

ही पट्टी मात्र नीट वाचायला हवी. आपण नुसते तारे मोजतो. पट्टीवर वर्षाला किती युनिट वीज लागते तेही लिहिलेलं असतं, आणि ते तारे कोणत्या काळासाठी आहेत तेही. निकष वेळोवेळी कडक होतात, त्यामुळे जुन्या पाच ताऱ्यांची बरोबरी आजच्या पाचांशी होत नाही. शिवाय पाच ताऱ्यांचा भला मोठा फ्रिज तीन ताऱ्यांच्या लहान फ्रिजपेक्षा जास्त वीज खाऊ शकतो. म्हणून आधी घराला केवढा फ्रिज लागतो ते ठरवा, मग युनिट बघा, मग तारे.

यातला फायदा किती, तो एका बल्बवरून समजेल. ६० वॉटचा जुना पिवळा बल्ब रोज ५ तास लावला, तर वर्षाला सुमारे ११० युनिट जळतात. तेवढाच उजेड देणारा ९ वॉटचा एलईडी दिवा त्याच वेळात १६-१७ युनिट घेतो. एका दिव्यामागे ९० युनिटांहून जास्त बचत. ही पर्यावरणाचीही बचत आहे आणि बिलाचीही.

आता शब्दांकडे वळू. 'नैसर्गिक', 'ग्रीन', 'इको-फ्रेंडली', 'केमिकलमुक्त' हे शब्द ऐकायला गोड, पण मोघम. केमिकलमुक्त म्हणजे कोणतं रसायन नाही? पाणीसुद्धा रसायनच आहे. त्याउलट 'फॉस्फेटविरहित' हा शब्द नेमका आहे. तो खरा की खोटा हे तपासता येतं.

आमच्या पिशवीचं काय झालं? 'कंपोस्टेबल' पिशवीवर तसं स्पष्ट लिहावं लागतं आणि उत्पादकाकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र असावं लागतं. आमच्या पिशवीवर यातलं काहीच नव्हतं, नुसतं पान होतं. आणि खरीखुरी कंपोस्टेबल पिशवी असती तरी? तिची चाचणी सुमारे ५८ अंश तापमानाच्या खतात घेतात. मोठ्या खत प्रकल्पात एवढी ऊब टिकते. आपल्या परसातला खड्डा एवढा तापून राहत नाही. म्हणजे अशी पिशवीही रस्त्याकडेला किंवा ओढ्यात फेकली, तर साध्या प्लास्टिकसारखीच बराच काळ पडून राहते.

कापडासारखी दिसणारी, दुकानात सर्रास मिळणारी रंगीत पिशवीही बघा. हाताला मऊ लागते, पण तीतल्या बऱ्याचशा पिशव्या पॉलिप्रॉपिलीनच्या, म्हणजे प्लास्टिकच्याच असतात. ओळखायचं असेल तर तिचा छोटा तुकडा चिमट्यात धरून, मुलांना दूर ठेवून, ज्योतीजवळ न्या. सुती कापड कागदासारखं जळतं आणि राख होते. प्लास्टिक आक्रसतं, वितळतं आणि त्याची कडक गोळी होते. चहाच्या कागदी कपालाही आतून बहुधा प्लास्टिकचा पातळ थर असतो.

वस्तू चांगली की वाईट हे फक्त ती कशाची आहे यावर ठरत नाही. ती बनताना काय लागलं, वापरताना काय लागतं आणि टाकल्यावर तिचं काय होतं, अशी पूर्ण साखळी बघावी लागते. नवी कोरी सुती पिशवी घ्या. कापसाला पाणी लागतं, खत-फवारणी लागते, सूत-कापडाला वीज लागते. ती दोन-चार वेळा वापरून कोपऱ्यात टाकली, तर काहीच साधलं नाही. ती वर्षानुवर्षं वापरली तरच खरी. आणि जुन्या लुगड्याची, पँटच्या कापडाची शिवलेली पिशवी तिच्याहून सरस, कारण तिच्यासाठी नवीन काही बनवावंच लागलं नाही.

कपड्यांच्या पावडरीचंही तसंच. काही पावडरींत फॉस्फेट असतं. ते गटारातून नदीत जातं आणि पाण्यातल्या वनस्पतींना खतासारखं लागू पडतं. जलपर्णी आणि शेवाळ माजतं, पाण्यातला प्राणवायू कमी होतो, मासे मरतात. कोल्हापूरची पंचगंगा, पुण्याची मुळा-मुठा जलपर्णीने झाकलेली आपण पाहिली आहे. हे केवळ आपल्या धुण्यामुळे होतं असं नाही. शहरांचं न शुद्ध केलेलं सांडपाणी हे त्याचं मोठं कारण आहे आणि त्याचा जाब नगरपालिकांना विचारायलाच हवा. पण आपल्या हातातलं आपण करू. फेस आला नाही की आपण आणखी एक मूठ टाकतो. फेस जास्त म्हणजे कपडे स्वच्छ, असं नसतं. कपडे अर्धा तास भिजवा, पावडर चमच्याने मोजून टाका. भांड्यांना प्लास्टिकच्या जाळीऐवजी वाळलेल्या घोसाळ्याची जाळी किंवा नारळाचा काथ्या चालतो. प्लास्टिकची घासणी झिजते तेव्हा तिचे बारीक कण पाण्याबरोबर वाहून जातात.

पर्यावरणपूरक म्हणजे महाग, हा समज आता सोडू. आहे तो डबा वापरणं, चप्पल शिवून घेणं, मिक्सर दुरुस्त करणं, मोठी परात शेजारणीकडून आणणं यात पैसा जात नाही, वाचतो. सगळ्यात पर्यावरणपूरक वस्तू बहुतेक वेळा आपल्या घरातच असते. तिच्यावर पान छापलेलं नसतं, इतकंच.

आणि कायदा आपल्या बाजूने आहे. पर्यावरणाच्या नावाने ग्राहकाची दिशाभूल करण्याला 'ग्रीनवॉशिंग' म्हणतात. आपण हिरवा मुलामा म्हणू. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये याविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. 'इको-फ्रेंडली', 'ग्रीन' असे शब्द वापरायचे तर त्याचा खुलासा आणि पुरावा द्यावा लागतो. दावा पूर्ण वस्तूबद्दल आहे की फक्त वेष्टनाबद्दल, हेही सांगावं लागतं. दिशाभूल झाली असं वाटलं, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते. पावती आणि वेष्टन मात्र जपून ठेवा.

मैत्रिणींनो, हा नियम माल बनवणाऱ्यांना आणि विकणाऱ्यांना आहे. म्हणजे तो आपल्या पापड-लोणच्यालाही आहे. मोठ्या कंपनीकडे बोट दाखवायचं तर आधी आपलं स्टिकर खरं हवं. आता पुन्हा दिवाळी तोंडावर आली आहे. आमच्या गटाने 'पर्यावरणपूरक पॅकिंग' हे शब्द काढून टाकले. आठवडी बाजारात पाटी लावली आहे : 'घरचा डबा आणा, फराळावर पाच रुपये कमी.' ज्यांच्याकडे डबा नसेल त्यांना पिशवी मिळेल, आणि तिच्यावर सरळ लिहिलं आहे, 'ही पिशवी प्लास्टिकची आहे. मातीत पुरू नका, जाळू नका. धुऊन पुन्हा वापरा किंवा आम्हाला परत द्या.' विक्री कमी होईल अशी काहींना धास्ती होती. पहिल्या बाजारी बऱ्याच जणी डबे घेऊन आल्या. त्या शिक्षिकाबाईही आल्या. मी त्यांना गेल्या वर्षीची चूक सांगितली. त्या हसल्या आणि डबा पुढे केला.

तेव्हा पुढच्या वेळी दुकानात हिरवं पान दिसलं की तीन प्रश्न विचारा. मला ही वस्तू खरंच हवी आहे का? हा दावा नेमका कशाबद्दल आणि त्याचा पुरावा काय? वापरून झाल्यावर माझ्या गावात हिचं काय होणार? उत्तर मिळालं तर घ्या. नाही मिळालं, तर पैसे पदराच्या गाठीतच राहू द्या.

येते तर. नमस्कार.