माउस चालतो, मग हार्डडिस्क का नाही?

शाळेच्या संगणकाला जोडलेला माउस चालतो; पण त्याच पोर्टमध्ये लावलेली हार्डडिस्क ओळखली जात नाही. पोर्ट बिघडले असे म्हणून आपण मोकळे होतो.

यूएसबी २.० च्या केबलमध्ये चार तारा असतात: दोन विजेच्या, दोन माहितीच्या. उपकरण जोडले की ते माहितीच्या एका तारेवरचा विद्युतदाब वर खेचते. त्यावरून कोणीतरी आल्याचे संगणकाला कळते. मग तो विचारतो, 'तू कोण? वीज किती हवी?' तोपर्यंत उपकरणाने १०० मिलिअँपिअरपर्यंतच प्रवाह घ्यायचा असतो. नंतरची मर्यादा ५००. माउसला एवढी वीज पुष्कळ झाली. हार्डडिस्कची तबकडी फिरू लागतानाच अधिक प्रवाह मागते; दाब घसरतो आणि संवाद तुटतो.

मोबाइलची गंमत वेगळीच. काही स्वस्त केबलींत माहितीच्या तारा नसतातच! चार्जिंग होते, ओळख मात्र पटत नाही.

म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहावी. आधी केबल, मग पोर्ट, मग संगणक. तरीही अडले तर स्वतंत्र वीजपुरवठ्याचा हब मध्ये जोडावा. मात्र डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर ती पुन्हापुन्हा जोडू नये. निकालपत्रकांची एकमेव प्रत कदाचित तिच्यातच असेल.